ताईला कळसूबाईला नेऊ का?

पत्र

मी 44 वर्षांची, नाशिकला राहते. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिनं लग्न केलं नाही. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून अकरा वर्षं आईचं सगळं तिनंच केलं. मी त्याच गावात असून रविवारी डबा घेऊन जायचे, तेवढंच. गेल्या वर्षी श्रावणात आई गेली. यंदा वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी भांडी विसळता विसळता ताई म्हणाली, "मला एकदा कळसूबाईला ने." कॉलेजात असताना तिच्या मैत्रिणी गेल्या होत्या, बाबांनी तिला सोडलं नव्हतं. मला वाटायचं ती हे विसरली असेल.

मी सहा वर्षं एका ग्रुपबरोबर ट्रेक करते. कळसूबाई तीनदा झाली आहे. पण ताईचा उजवा गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे, चालण्याची सवय नाही. आमचे हे म्हणतात, देवीलाच जायचं तर वणीला जाऊ, तिथे ट्रॉली आहे. पुण्याचा दादा म्हणतो, या वयात काही झालं तर जबाबदार कोण? तिची समजूत घालून विषय सोडून द्यावा का? की ग्रुपबरोबर न्यावं, म्हणजे मदतीला माणसं असतील? खरं सांगते, तिला वरपर्यंत पोचवलं तर माझ्याही मनावरचं ओझं उतरेल.

— धाकटी, नाशिक

उत्तर

न्या. ताईंना जरूर न्या. समजूत घालायची असेल तर घरातल्या बाकीच्यांची घाला.

आधी दादांचं. काही झालं तर जबाबदार कोण, हे त्यांनी काळजीपोटीच विचारलं असणार. पण अकरा वर्षं आईला कुशीवर वळवताना, उचलून खुर्चीत बसवताना ताईंच्या पाठीला, गुडघ्याला काही झालं असतं तर जबाबदार कोण, हे तेव्हा कुणी विचारलं होतं का? 53 वर्षांच्या, स्वतःच्या हिमतीवर घर चालवलेल्या बाईनं डोंगरावर जावं की नाही, याला भावंडांची परवानगी लागत नाही. डॉक्टरांचा सल्ला लागतो. त्याकडे येतेच.

वणीला जरूर जा, पण ते वेगळं जाणं आहे. सप्तशृंगीचं दर्शन ट्रॉलीनं घेतलं म्हणून काही कमी होत नाही, गुडघे दुखणाऱ्या किती बायकांची त्या ट्रॉलीमुळे सोय झाली आहे. पण ताईंनी वणी मागितलेली नाही. तीस-पस्तीस वर्षं मनात ठेवलेलं एक नाव त्यांनी उच्चारलं, तेही भांडी विसळताना, तुमच्याकडे न बघता. असं मागणं माणूस दुसऱ्यांदा मागत नाही.

आता तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. तिला वरपर्यंत पोचवलं तर माझ्याही मनावरचं ओझं उतरेल, असं तुम्ही लिहिलंय. मला ताईंच्या गुडघ्यापेक्षा या वाक्याची जास्त काळजी वाटते.

कारण सांगते. समजा, वाटेतल्या दुसऱ्या लोखंडी शिडीच्या वर ताईंना धाप लागली. बारा वाजलेत, माथा समोर दिसतोय, अजून तासभराची चाल आहे. अशा वेळी, "ताई, आज इथूनच परत फिरू" हे म्हणायला सोबतच्या माणसाचं मन मोकळं हवं. तुम्ही तर अकरा वर्षांची परतफेड करायला निघालेल्या असणार. तुम्ही म्हणाल, "थोडंच राहिलंय गं, चल, मी आहे ना." आणि ताई चालतील. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठी तेच केलंय, तुमच्या समाधानासाठीही त्या पाय ओढत वर जातील. म्हणजे त्यांच्या हक्काच्या दिवशीही त्यांनी तुमचंच काम करायचं!

म्हणून ते ओझं आधी, घरी उतरवा. "मी तेव्हा यायला हवं होतं, आले नाही," एवढंच म्हणा. कारणं देऊ नका. मुलं लहान होती, नोकरी होती, हे सगळं ताईंना माहीत आहे. त्या काय उत्तर देतील ते मी सांगू शकत नाही. गप्प बसतील, रागावतील, "जाऊ दे गं" म्हणून विषय बदलतील. जे येईल ते ऐकून घ्या. पण हे बोलणं डोंगराच्या आधी व्हायला हवं. डोंगरावर हे मनात घेऊन जाऊ नका.

इतकं ठामपणे सांगते कारण माझ्या हातून हीच चूक झाली आहे, उलट बाजूनं. मी विशीत होते, माझ्या दादाबरोबर कळसूबाईला गेले होते. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आईनं आमच्याबरोबर देवीसाठी नारळ दिला होता, तो दादाच्या पिशवीत होता. त्याला चढाची सवय नव्हती आणि मला पायांत वारं भरल्यासारखं झालं होतं. पहिल्या शिडीनंतर मी पुढे गेले. वळून पाहायचे, तो खाली कातळावर टेकलेला दिसायचा, मी हात करायचे आणि पुन्हा चालू लागायचे. माथ्यावर पोचले तेव्हा देवळात नारळ फोडणाऱ्यांची गर्दी होती आणि माझे हात रिकामे. तासाभरानं खाली आले तर दादा शिडीजवळच्या सावलीत बसलेला, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ. "झालं दर्शन?" एवढंच त्यानं विचारलं. रागानं नाही, साधंच. तो नारळ आम्ही खाली, पायथ्याच्या बारी गावाजवळच्या देवळात फोडला. त्याला आज पुष्कळ वर्षं झाली, दादा पुन्हा कधी कुठल्या डोंगराला माझ्याबरोबर आला नाही आणि मीही कधी त्याला चल म्हणू शकले नाही.

तर पहिली गोष्ट ही : ताई पुढे, तुम्ही मागे. दिवसभर. पुढच्याच्या पावलावर मागच्याची चाल ठरते. अनुभवी माणूस पुढे असला की मागचा नकळत त्याच्या वेगाशी झगडतो. पुढचा दम खायला थांबतो, मागचा येऊन पोचतो आणि तेवढ्यात पुढचा निघतो. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज आहे त्यालाच ती मिळत नाही. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवलं की हा घोळच होत नाही. ताई चालताना पूर्ण वाक्य बोलू शकतायत का, याकडे कान ठेवा. शब्द तुटायला लागले की चाल जास्त झाली. मग, "ताई, ते बघ," म्हणून काहीतरी दाखवा आणि थांबा.

आता शरीराचं. तुमच्या हातात सप्टेंबर ते डिसेंबर आहे, ते पुरेसं आहे. आधी डॉक्टरांकडे जा आणि नुसतं ट्रेकला जातोय असं सांगू नका, नेमकं सांगा : चार-पाच तास सलग चढ, मग तितकाच उतार, मध्ये लोखंडी शिड्या. बारी गावापासून माथ्यापर्यंतची उंची साधारण 800 ते 900 मीटर आहे. मजल्यामागे तीन मीटर धरले तर 280 मजल्यांच्या आसपास. हा आकडा ऐकला की डॉक्टर योग्य त्या तपासण्या सांगतील, हृदयाची ट्रेडमिलवरची चाचणीही कदाचित सांगतील. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि घाम गाळण्याच्या दिवशी अंगातलं पाणी कमी पडू शकतं. ताईंची गोळी कुठली, त्या दिवशी ती कधी घ्यायची, हे विचारून घ्या. स्वतःच्या मनानं गोळी चुकवायची नाही. गुडघ्यासाठी फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या आणि ते रोज करा. गुडघ्याचा बराचसा भार मांडीनं उचलायचा असतो, ती कच्ची असली की गुडघा बोलतो. चढताना तो फारसा बोलणार नाही. उतरताना बोलेल, कारण उतारावर प्रत्येक पावलाला सगळं वजन त्याच्यावर आदळतं. हे ताईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे माथ्यावर पोचल्यावर सगळी ताकद संपवली असं व्हायचं नाही. निम्मं काम तेव्हा शिल्लक असतं.

सरावासाठी नाशिककरांना लांब जायला नको. पांडवलेणीच्या दोनशेच्या आसपास पायऱ्या आठवड्यातून तीनदा, आधी एकदा वर, मग त्याच सकाळी दोनदा, तीनदा. महिन्याभरानं रामशेज. दिवाळीच्या सुमारास त्र्यंबकला ब्रह्मगिरी. तो दिवस खरा कसोटीचा. ब्रह्मगिरीनंतर दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर कळसूबाई महिनाभर पुढे ढकला. सुजला नाही, नुसता दुखला, तर चालेल. या सरावाला तुम्ही दरवेळी बरोबर जा. रविवारचा डबा घेऊन जायच्या वेळेला आता पांडवलेणी धरा.

पावसाळ्यात नेऊ नका. फोटोत तेव्हाचा डोंगर फार सुंदर दिसतो, धुकं, झरे, सप्टेंबरात सोनकीचे पिवळे पट्टे, मला मोह कळतो. पण ओला कातळ, चिखल आणि शिड्यांपाशी शनिवार-रविवारची रांग, हे दुखऱ्या गुडघ्याचं काम नाही. मागे दहा माणसं खोळंबली की शिडीवरचा माणूस घाईत पाय टाकतो. डिसेंबरात, आठवड्याच्या मधल्या वारी जा. वाट कोरडी असते, गवत पिवळं पडलेलं असतं, हवा थंड.

आणि ग्रुप नको. तुमच्या ग्रुपमधली माणसं चांगलीच असणार, पण वीस माणसांत ताई म्हणजे "धाकटीची बहीण, जरा हळू चालते" एवढ्याच उरतील. सगळे टाळ्या वाजवतील, "काकू, शाब्बास" म्हणतील आणि त्या शाब्बासकीखाली ताईंना थांबावंसं वाटलं तरी थांबता येणार नाही. मदतीला माणूस हवं हे मात्र बरोबर. त्यासाठी बारी गावातलाच एखादा वाटाड्या घ्या. पैसे आधी ठरवा, मनापासून द्या. त्यांना वाट पायाखालची असते, माणूस कुठे थकतो ते कळतं आणि गप्प राहायचं तेव्हा ते गप्प राहतात. त्याला सांगा, थोडं अंतर ठेवून चाल.

आदल्या दिवशी दुपारीच निघा. घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याला लागलं की बारी येतं. नाशिकहून पहाटे निघूनही दिवसात होतं, तुम्ही तसंच केलं असेल. पण ताईंना रात्रीची झोप हवी. गावात घरगुती मुक्कामाची, जेवणाची सोय होते, आधी फोन करून ठरवा. अजून एक गोष्ट त्यात आहे. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, असं ताट दुसऱ्या कुणी वाढून ताईंच्या पुढ्यात ठेवलं, त्या जेवल्या, उठल्या आणि ताट उचलायलाही कुणी लावलं नाही. अकरा वर्षांत असं किती वेळा झालं असेल? त्या उठून भांडी घासायला लागतील. हात धरून बसवा.

आणि त्या रात्री त्यांना काळसूची गोष्ट सांगा. ताईंना ती माहीत असेल-नसेल. जुन्या गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. काळसू ही कोळ्यांची पोर, रानात भटकायची आवड असलेली. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला इंदोरे गाव आहे, तिथल्या एका घरी ती कामाला राहिली. अट एकच घातली : केर काढायला आणि भांडी घासायला सांगायचं नाही. बरेच दिवस सुरळीत गेलं. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी तेच काम सांगितलं. काळसूनं वाद घातला नाही. भांडी घासली, केर काढला आणि निघाली ती थेट डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आली नाही, मरेपर्यंत माथ्यावरच राहिली. तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून सांगतात. महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागेवर, 1646 मीटरवर, जी देवी बसली आहे ती ही. नवरात्रात तिची जत्रा भरते.

मी ही गोष्ट फार वेळा ऐकली होती. पण ताईंनी भांडी विसळताना कळसूबाईचं नाव घेतलं, हे तुमच्या पत्रात वाचलं आणि मी पत्र खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, साडेसहाला चालायला लागा. तुम्ही तीन तासांत वर जात असाल, ताईंसाठी पाच धरा. आणि परत फिरायची वेळ खाली असतानाच दोघींनी मिळून ठरवा. माझ्या मते साडेबारा. त्या वेळी जिथे असाल तिथून वळायचं, मग माथा पन्नास पावलांवर असला तरी. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, उतरायला ताईंना चार तास सहज लागतील आणि अंधारात दुखऱ्या गुडघ्यानं कातळ उतरायचा नाही. वेळ आधी ठरलेली असली की वर वाद होत नाही, कुणी कुणाला थांबवलं असंही होत नाही. घड्याळ ताईंच्या हातात असू द्या.

छातीत दडपण, जबडा किंवा हात भरून येणं, नुसत्या थांबण्यानं न जाणारी धाप, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं काहीही वाटलं तर साडेबाराची वाट बघायची नाही. तिथेच बसवायचं, वाटाड्याला हाक मारायची, खालून मदत बोलवायची. "पित्त झालं असेल" असं ताई म्हणतील. ऐकायचं नाही.

शिड्यांची भीती त्यांना वाटेल, वाटू दे. शिडीवर एका वेळी एकच माणूस, चढताना आणि उतरतानाही तोंड शिडीकडे, दोन हात-दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले. त्या चढत असतील तेव्हा तुम्ही खाली उभ्या राहा आणि बोलू नका. सूचना देत राहिलं की पाय चुकतो. साडी किंवा ओढणी नको, पायांत पकडीच्या तळव्याचे, आधी महिनाभर वापरलेले बूट. नखं दोन दिवस आधी कापलेली, नाहीतर उतारावर अंगठे काळे पडतात. उतरताना दोन्ही हातांत काठ्या. पाणी माणशी तीन लिटर. सुट्टीच्या दिवशी वाटेवर ताक, सरबत, काकडी मिळते, मधल्या वारी त्यावर भरवसा ठेवू नका. शेवटच्या शिडीच्या अलीकडे सपाटीवर एक विहीर आहे, तिथे बसायला जागा आहे. तिथे पंधरा-वीस मिनिटं बसाच, काही खा. तिथून पुढचं त्यांना ठरवू द्या.

वर पोचलात तर देऊळ अगदी छोटं आहे, दोन-तीन माणसं आत मावतील इतकंच. वारा फार असतो, कानटोपी असू द्या. खाली भंडारदऱ्याचं पाणी दिसेल, पश्चिमेला अलंग-मदन-कुलंग. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला दूरवर सातमाळ्याची रांग दिसते, त्यातच सप्तशृंगी. तुमच्या ह्यांना सांगा, वणीचंही दर्शन झालं.

आणि नारळ घ्या. घरूनच घेऊन जा, बारीत मिळेल म्हणून राहू नका. बाकी सगळं सामान, पाणी, डबा, औषधं, तुमच्या पाठीवर असू दे. नारळ तेवढा ताईंच्या पिशवीत ठेवा. देवळात पोचल्या तर देवळात, विहिरीपाशी थांबल्या तर विहिरीपाशी, शिडीखाली थांबल्या तर तिथल्या कातळावर. त्या जिथे म्हणतील तिथे तो फोडा आणि अर्धी वाटी खोबरं तिथेच बसून दोघी खा.